जबड्याच्या दुर्मीळ कर्करोगाचे निदान पैशांअभावी अडू नये, यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

जबड्याच्या हाडात उद्भवणारे कर्करोग अतिशय दुर्मीळ आहेत आणि त्यांची सुरुवात पुष्कळदा साध्या दातदुखीसारखी होते. दात हलू लागतो, सूज येते, दात काढल्यानंतरची जखम आठवडे उलटले तरी भरत नाही. काहींचा खालचा ओठ व हनुवटी इतकी बधिर होते की पाण्याचा पेला ओठाला लावला तरी एका बाजूला त्याचा स्पर्शच कळत नाही. हिरड्या निरोगी असताना दात हलत असेल किंवा ओठाला विनाकारण बधिरपणा आला असेल, तर औषधांचे कोर्स पुन्हा पुन्हा घेत बसू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

एक्स-रे, सीटी स्कॅन आणि बायोप्सी येथपर्यंत रुग्ण कसेबसे पोहोचतात; खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते. हाडाचा तुकडा स्लाइडसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या काचपट्टीसाठी, कापण्याआधी द्रावणात ठेवून मऊ करावा लागतो. तीव्र आम्लाने हे काम लवकर उरकते, पण त्यात डीएनए खराब होतो. ईडीटीए हे सौम्य रसायन वापरल्यास अधिक दिवस लागतात, मात्र पुढील जनुकीय तपासणीची वाट मोकळी राहते. संथ वाढणारा ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली फायब्रस डिस्प्लेशिया या कर्करोग नसलेल्या विकारासारखा दिसू शकतो, आणि तेव्हा एमडीएम२ व सीडीके४ या प्रथिनांची किंवा जीएनएएस जनुकाची तपासणी उपयोगी पडते. शिवाय स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड अथवा प्रोस्टेटचा कर्करोग पसरून जबड्यात आलेला नाही ना, याचीही खात्री करावी लागते.

आजाराचे नाव चुकले की उपचार चुकतात. ऑस्टिओसार्कोमात गाठ भोवतालच्या निरोगी भागासह पूर्ण काढणे महत्त्वाचे असते, युइंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कर्करोगात सहसा आधी केमोथेरपी देतात, तर फायब्रस डिस्प्लेशियात अनेकदा नुसते लक्ष ठेवणेही पुरते. जबड्याचा भाग गमावणे म्हणजे चावणे, गिळणे, बोलणे आणि चेहरा या सगळ्यांवरच घाला; तो निर्णय अपुऱ्या अहवालावर घेण्याची वेळ कोणावरही येऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

म्हणूनच आमचे रुग्णसाहाय्य मंडळ या विशेष तपासण्यांसाठी आणि स्लाइड व मेणाचे ब्लॉक (मेणात जतन केलेले नमुने) दुसऱ्या तज्ज्ञांच्या मतासाठी पाठवण्यासाठी निधी उभारत आहे. आपण यथाशक्ती देणगी द्यावी. रक्कम थेट प्रयोगशाळेकडे भरली जाईल आणि प्रत्येक देणगीची पावती मिळेल. तोंड व जबड्याच्या विकृतिशास्त्रातील (पॅथॉलॉजीतील) तज्ज्ञांनी स्लाइड विनामूल्य तपासून द्याव्यात, आणि दंतवैद्यांनी जुने एक्स-रे जपून ठेवून रुग्णाला पुढे पाठवताना सोबत द्यावेत, कारण तुलनेसाठी जुनी फिल्म मिळाली तर गाठ किती वेगाने वाढली हे लगेच ध्यानात येते. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी नमुने पोहोचवण्यासाठी किंवा रुग्णासोबत रुग्णालयात जाण्यासाठी मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवावे.