नाशिकच्या बँडना तिकीट काढूनच ऐका

शहरातल्या एका छोट्या म्युझिक क्लबमध्ये स्थानिक बँडचे कार्यक्रम होणार असल्याची आपली बातमी वाचून आनंद झाला. मात्र 'प्रवेश मोफत हवा होता' ही त्यातली काही रसिकांची अपेक्षा पटली नाही. ही मुले स्वतःची गाणी रचतात. सातपूरच्या एका गाळ्यात, शटरला आतून जुन्या गाद्या बांधून तालीम करणारा बँड मी पाहिला आहे. गाळ्याचे भाडे, वाद्यांच्या तारा, ड्रम नेणारा टेम्पो, सारा खर्च त्यांच्याच खिशातून. पन्नास-साठ श्रोत्यांच्या जागेत प्रायोजकही सहसा फिरकत नाहीत. मग तिकिटाशिवाय हे चालायचे कसे?

उत्तरायुष्यात नाशकात राहिलेल्या शास्त्रीय गायक पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी राजाश्रयावर न विसंबता तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली. त्यांच्या शहरात फुकट पासाचा आग्रह खटकतो. नाटकाला आपण तिकीट काढतोच की!

आपणही 'शहरात आज' सदरात या कार्यक्रमांची वेळ आणि तिकीटदर नियमित छापावेत, ही विनंती.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक