कुरुंदवाडच्या घराचा नकाशा

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. घराच्या दुरुस्तीचा नकाशा मिळाला आणि लगेच लिहायला बसलो.

तळमजल्यावर प्लायवूडचं किचन? लेका, आपली नदी काय ओढ्यासारखी येऊन जाते? पंचगंगेला उतार कमी. नरसोबाच्या वाडीच्या संगमावर कृष्णा भरलेली असली की हिचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. गल्लीत हळूच चढतं, पण मग मुक्काम ठोकतं. तेवढ्यात प्लायचे पापुद्रे सुटतात. ओटा आणि खालचे कप्पे कडप्प्याचे कर, दारं ॲल्युमिनियमची, उचलून काढता येणारी.

"कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा 39 फूट, धोका 43, तेव्हा बघू" हे तुझं पालुपद निम्मंच खरं. सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूलही बघावा लागतो, तिथं इशारा 40, धोका 45. कृष्णा चढती असेल तर कोल्हापुरात उतार लागला तरी आपल्याकडं पाणी हटत नाही. वाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे पुराचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून देवळाच्या दक्षिण दारानं बाहेर पडलं, की लोक स्नानाला धावतात. तुझ्या भाडेकरूनं त्या दिवशी धान्य नि कागदपत्रं माडीवर न्यावीत. वेळ पुष्कळ असतो, पण काम दिवसाउजेडी होतं.

2005 नंतर तू म्हणालास, असा पूर शंभर वर्षांतून एकदा. तुझी शंभर वर्षं 2019 ला भरली, पुढची 2021 ला. आता तरी वाद नको.

मीटर आणि मेन बोर्ड माडीवर घे, तळमजल्याची लाईन वेगळ्या एमसीबी स्विचवर. पाणी दारातून यायच्या आधी न्हाणीच्या मोरीतून उलटं येतं, तिथं एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसव. जमिनीतली प्लास्टिकची टाकी भरलेली ठेवायची. रिकामी असली तर पुराचं पाणी तिला खालून उचलतं आणि फरशी फुटते. सिलिंडरही तरंगतो, साखळीनं बांधायचा. मागची कच्च्या विटांची भिंत पाडच. ती पुरात उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर, भिजून जड झालेली, बसते. दाराला विटा लावून पाणी अडवायची कल्पना सोड, बाहेरच्या दाबानं भिंतच आत येईल. ओसरताना घोटाभर पाणी असतानाच खराटा मारून गाळ त्याच पाण्याबरोबर बाहेर काढायचा. वाळला की खोऱ्यानं खरवडावा लागतो.

आणि वैतागून घर विकायचा विषय काढू नकोस. त्याच गाळावर मळीची वांगी पिकतात, आणि दर हिवाळ्यात ती पुण्याला मागवणारा तूच.

पोरीची बारावी कशी चाललीय? वहिनींना नमस्कार. इंटिरिअरवाल्याला ॲडव्हान्स दिला नसशील तर थांब, आधी सुधारलेला नकाशा पाठव.

तुझाच,
दिग्या