सूचना : शनिवारी 'डिक ट्रेसी मीट्स ग्रूसम'

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी ६.३० वाजता नेहमीच्या सभागृहात 'डिक ट्रेसी मीट्स ग्रूसम' (आरकेओ स्टुडिओ, १९४७) दाखवला जाईल. कृष्णधवल, इंग्रजी, ६५ मिनिटं. चेस्टर गूल्ड यांची पोलीस डिटेक्टिव्ह ट्रेसीची चित्रमालिका १९३१ साली वर्तमानपत्रात सुरू झाली; तिच्यावर आरकेओने काढलेल्या चार चित्रपटांतला हा शेवटचा. ट्रेसीच्या भूमिकेत राल्फ बर्ड, खलनायक ग्रूसमच्या भूमिकेत बोरिस कार्लोफ. (बघायचा तो कार्लोफसाठीच!)

उशीर करू नका. माणसांना थिजवणाऱ्या वायूचा फटका आधी खुद्द ग्रूसमलाच बसतो आणि त्याला मेलेला समजून शवागारात नेतात. हे हुकलं तर बँकेतला दरोडा नीट कळत नाही. तिथे सगळे जागच्या जागी ताठ, फोन बूथमधली ट्रेसीची मैत्रीण टेस तेवढी शुद्धीवर.

मशीन सांभाळणाऱ्यांनी ६ वाजता यावं :

- प्रोजेक्टर ४:३ वर ठेवा. 'ऑटो'वर चित्र आडवं ताणलं जाण्याची भीती असते. कार्लोफचा लांबट चेहरा पार भोपळा होतो.
- फाइल साधारण ६२ मिनिटांची भरली, तर ती सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींनी पळत असावी. आवाजही किंचित चिरका लागतो. दुसरी प्रत लावा.
- आवाज एकाच स्पीकरमधून आला तर मिक्सरवर मोनो करा.
- रात्रीचे प्रसंग काळपट आहेत. ब्राइटनेस वाढवू नका, काळा रंग राखाडी पडतो. त्यापेक्षा खिडक्यांचे पडदे ओढा.

पाहुणा आणणार असाल तर गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवा. खुर्च्या मोजक्याच आहेत.