माफीचा प्रश्नच नव्हता

महोदय,

इंदिरा गांधींच्या राजकीय चढउतारांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. १९७७ला ‘जनतेने धडा शिकवला’ आणि १९८०ला ‘जनतेने माफ केले’, असे लेखक म्हणतात. त्या जनतेपैकी एक बाई आमच्याच घरात राहत होती, म्हणून हे पत्र.

१९७१च्या डिसेंबरात, बांगलादेशची लढाई जिंकल्यावर, आईने कॅलेंडरवरचा इंदिराबाईंचा फोटो कापून चौकटीत बसवला आणि गोरेगावच्या आमच्या खोलीत लावला. देव्हाऱ्यात नाही, पण देव्हाऱ्याच्या बरोबर वर. वडील समाजवादी, लोहियांनी इंदिराबाईंना दिलेला ‘गूंगी गुडिया’ (मुकी बाहुली) हा शब्द त्यांच्या तोंडी कायम. आई म्हणायची, ‘‘तुमच्या गुडियेने चौदा बँका घेतल्या. तुम्हाला सोसायटीचं कर्ज मिळेना!’’

पुढच्याच वर्षी दुष्काळ. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आला, त्याच्या भाकऱ्या थापतानाच फुटायच्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी मोर्चात आई लाटणे घेऊन गेली, पण फोटो भिंतीवरच राहिला. मोर्चा महागाईवर होता, बाईवर नव्हता, असे तिचे म्हणणे.

फोटो उतरला आणीबाणीत, १९७६च्या दिवाळीत. मामा गावाकडे शाळामास्तर. भाऊबीजेला आला तो शाळेची वही घेऊन. वहीत गावातल्या पुरुषांची नावे, पुढे पोरांची संख्या. नसबंदीच्या ‘केसेस’ भरल्या नाहीत तर पगार अडेल, असे त्याला वरून सांगितले होते. ओवाळून झाल्यावर त्याने खाली मान घालून वडिलांना विचारले, ‘‘चाळीत कुणी तयार होईल का?’’ आई काही बोलली नाही. संध्याकाळी तिने फोटो काढून ट्रंकेत टाकला आणि चौकटीत आमच्या आजोबांना बसवले.

मार्च १९७७च्या निवडणुकीत तिने काँग्रेसच्या गाय-वासरावर शिक्का मारला नाही. ‘‘एकटी गाय चालली असती,’’ म्हणाली. वासरू म्हणजे संजय गांधी, हे तेव्हा शेंबडे पोरही सांगत होते. रायबरेलीत बाई पंचावन्न हजार मतांनी पडल्या, त्याही राजनारायण यांच्याकडून. १९७१ला याच गृहस्थांना त्यांनी लाखाहून जास्त मतांनी हरवले होते, आणि त्यांच्याच अर्जावर १२ जून १९७५ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली होती. चाळीत पेढे वाटले गेले. आईने पेढा घेतला, खाल्ला आणि डाळ निवडायला बसली.

आता ‘माफी’विषयी. जानेवारी १९८०मध्ये आईने पंजावर शिक्का मारला आणि घरी येऊन तसे सांगितलेही. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, ‘‘एवढ्यात माफ केलंस?’’ आई म्हणाली, ‘‘माफबिफ काही नाही. तुमच्या जनता पक्षवाल्यांची भांडणं मिटेनात आणि कांद्याला हात लावता येईना. तिला एकदा काढलीय, परत काढता येईल.’’

३५३ जागांचे विश्लेषण मी पुष्कळ वाचले आहे. त्यात हे वाक्य कुठे सापडले नाही.

३१ ऑक्टोबर १९८४ला बातमी आली तेव्हा आईने ट्रंक उघडली. फोटो पिवळा पडला होता, एक कोपरा कसरीने खाल्लेला. डब्याला टेकवून ठेवला, समोर समई लावली आणि रडली. आजोबांची चौकट मात्र तिने मागितली नाही.

आपली,
एक जुनी वाचक, गोरेगाव
(नाव छापू नये. भाऊ अजून वडिलांच्या बाजूचा आहे.)

ता. क. : ‘दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा लेखात अर्धीच छापली आहे. तिच्या आधी ‘पानीवाली बाई दिल्ली में’ असे होते. ती पाणीवाली बाई म्हणजे पाण्यासाठी लढणाऱ्या आमच्या मृणालताई, १९७७च्या निवडणुकीत इथून लोकसभेवर गेल्या.