तक्रार: सेल्स, अकाउंट्स आणि प्रोजेक्टचं इंटिग्रेशन सहा महिने झाले तरी चालत नाही

दिनांक: १८ ऑगस्ट २०२५
प्रति,
इम्प्लिमेंटेशन आणि कस्टमर सपोर्ट विभाग

नमस्कार,

हे मी तिकीट म्हणून टाकत नाहीये, मुद्दाम पत्र लिहितोय, कारण तिकीट टाकलं की दोन दिवसांनी कोणी काही न करता ते बंद होतं आणि मला 'तुमचा प्रश्न सुटला आहे' असा मेल येतो. अशी ३७ तिकिटं झाली. त्यातली खरंच सुटलेली मी मोजली तर ९ निघाली. त्यामुळे हे पत्र कोणीतरी माणसाने पूर्ण वाचावं एवढी पहिली विनंती.

आम्ही कोण ते आधी सांगतो, कारण दर वेळी नवीन माणूस येतो आणि आम्हाला पहिल्यापासून सांगायला लागतं (सहा महिन्यांत तुमचे तीन इम्प्लिमेंटेशनवाले बदलले). नाशिकला अंबड एमआयडीसीत आमची कंट्रोल पॅनेलची कंपनी आहे, ३२ माणसं. ऑर्डर आली की ड्रॉइंग, पत्र्याचं काम, वायरिंग, टेस्टिंग, मग डिस्पॅच आणि शेवटी साइटवर जाऊन कमिशनिंग (पॅनेल बसवून चालू करून देणं), असं एकेक काम तीन-चार महिने चालतं. पैसे ३० टक्के आधी, ६० टक्के माल निघताना आणि उरलेले १० टक्के कमिशनिंग झाल्यावर. तुमच्या सॉफ्टवेअरवर यायच्या आधी अकाउंट्स टॅलीत होतं, सेल्सचं एक्सेलमध्ये, आणि प्रोजेक्ट म्हणजे शॉपफ्लोअरवरचा पांढरा फळा आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहायला लागायची, कमिशनिंग झालेलं अकाउंट्सला कळायचंच नाही आणि १० टक्के महिनोन्महिने अडकून राहायचे. तेवढ्यासाठी तुमच्याकडे आलो. डेमोत सांगितलं होतं की एकदा एंट्री केली की तिन्ही टीमला तीच दिसेल. त्या एका वाक्यावर आम्ही २४ लायसन्सचे वर्षाचे पैसे आधी भरले आणि इंटिग्रेशनचे वेगळे ३ लाख ८० हजार दिले.

१७ फेब्रुवारीला सिस्टिम सुरू झाली. त्या दिवसापासून आमच्याकडे एंट्री तीनदाच होते, फक्त आता ती बरोबर गेली का हे बघायला चौथं काम वाढलंय.

आता मोठ्या चुका सांगतो, तारखेसकट.

पहिली एप्रिलची. आमची एएमसीची (वर्षाच्या देखभाल कराराची) बिलं तिमाहीच्या पहिल्या तारखेला रात्री बाराला आपोआप बनतात, तसं तुमच्याच माणसाने सेट करून दिलंय. १ एप्रिलला ११ बिलं बनली आणि अकराच्या अकरा बिलांवर तारीख पडली ३१ मार्च. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना ते ९ तारखेला दिसलं, मार्चचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायच्या दोन दिवस आधी, कारण मार्चची विक्री त्यांच्या वहीतल्या आकड्याशी जुळेना. त्या संध्याकाळी साडेआठपर्यंत टेबलावर दोन प्रिंटआउट शेजारी शेजारी ठेवून, फूटपट्टी लावून एकेक ओळ खाली सरकवत बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाल्या, सर, आकडे सगळे बरोबर आहेत, दिवस चुकलाय. आणि दिवस चुकला म्हणजे इथे वर्ष चुकलं. एका आर्थिक वर्षाची विक्री दुसऱ्या वर्षात जाऊन बसली आणि बिल नंबर मात्र नवीन वर्षाच्या सिरीजचा. तोपर्यंत ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदलेलं बिल) रद्द करायचे २४ तास कधीच होऊन गेले होते. मग ११ कस्टमरना फोन, चुकीचं बिल उलटवायला क्रेडिट नोट, परत बिल.

याचं कारण तुमच्या सपोर्टने आम्हाला कधी सांगितलं नाही, आमच्या डिझाइनमधल्या एका मुलाने शोधलं. सेल्सच्या अ‍ॅपमध्ये वेळ भारताची आहे, पण तिथून फायनान्सच्या अ‍ॅपला जाताना ती यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) जाते, म्हणजे साडेपाच तास मागे. इथले रात्रीचे बारा म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा, आणि फायनान्सचं अ‍ॅप वेळ टाकून देऊन नुसती तारीख उचलतं. दिवसा बनवलेल्या बिलांना काही होत नाही म्हणून टेस्टिंगमध्ये कोणाला दिसलं नसणार, हे मी समजू शकतो. पण भारतात सॉफ्टवेअर विकताना साडेपाच तासांचा हिशोब आधीच झालेला असायला नको का? ते तिकीट 'कस्टमर सेटिंग' म्हणून बंद केलंय. १ जुलैची बिलं मॅडमनी हाताने बनवली.

दुसरी चूक जूनची, आणि ती मला जास्त लागली. शुक्रवारी २० जूनला संध्याकाळी एक पॅनेल चाकणला निघालं. प्रोजेक्टच्या मुलाने त्याच्या अ‍ॅपमध्ये 'डिस्पॅच' केलं, एकदाच केलं, मी लॉग बघितलाय. फायनान्सच्या अ‍ॅपने उत्तर द्यायला वेळ लावला म्हणून प्रोजेक्टच्या अ‍ॅपला वाटलं की निरोप पोचला नाही, त्याने परत पाठवला, मग अजून एकदा पाठवला, आणि फायनान्सने तिन्ही वेळा नवीन बिल बनवलं. माल १४ लाख २० हजारांचा, त्यावर १८ टक्क्यांनी २ लाख ५५ हजार ६०० जीएसटी, बिल १६ लाख ७५ हजार ६०० चं. अशी तीन. नंबर तोच आला असता तर सरकारी पोर्टलनेच दुसरं बिल नाकारलं असतं, पण तुमची सिस्टिम दर वेळी पुढचा नंबर देते, म्हणून तिन्हींना वेगवेगळे आयआरएन (पोर्टलचे बिल नोंदणी नंबर) मिळाले आणि तिन्ही बिलं मेलने कस्टमरला गेली. शनिवार-रविवार ऑफिस बंद. सोमवारी सकाळी मॅडम आल्या तेव्हा २४ तासांची मुदत संपलेली होती.

त्या कस्टमरबरोबर आमचं ११ वर्षांचं काम आहे. त्यांच्या अकाउंट्सवाल्यांनी आयएमएसमध्ये (जीएसटी पोर्टलवर आलेली बिलं स्वीकारायची किंवा नाकारायची जागा) तिन्ही बिलं रिजेक्ट केली, खरं होतं ते पण, आणि आमचा व्हेंडर कोड होल्डवर टाकला. मी स्वतः चाकणला जाऊन त्यांच्या परचेस हेडसमोर बसून समजावलं. ते काही वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं. परत येताना नारायणगावपर्यंत माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. दोन क्रेडिट नोट काढल्या, त्यांना खरं बिल अ‍ॅक्सेप्ट करायला सांगितलं, होल्ड निघाला, पण डिस्पॅचचे ६० टक्के यायला जुलैची २६ तारीख उजाडली. त्या महिन्याचे पगार आम्ही ओडीतून (बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून) केले.

मला प्रोग्रामिंग येत नाही, पण एवढं कळतं की निरोप परत जाऊ शकतो हे बनवणाऱ्याला माहीत असतं. प्रत्येक डिस्पॅचला एक कायमचा नंबर द्यायचा आणि त्या नंबरचं बिल आधीच झालं असेल तर दुसरं करायचं नाही. आमच्या स्टोअरला चलनबुक आहे, एका चलनावर दोनदा माल बाहेर जात नाही.

तिसरी गोष्ट तुम्हाला छोटी वाटेल. आम्हाला पॅनेलचे पत्र्याचे बॉक्स इथलेच एक काका करून देतात, गाळ्यात सहा माणसं, उद्यममध्ये (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) मायक्रो म्हणून नोंदलेले. बॉक्स आले की स्टोअरवाला प्रोजेक्टच्या अ‍ॅपमध्ये 'मिळाले' करतो आणि ते फायनान्सला जाऊन त्यांचं बिल पेमेंटला लागायला पाहिजे. मेपासून ते जातच नव्हतं. कुठे एरर नाही, कुठे लाल काही नाही, नुसतं गप्प. अशा कारखान्याचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, आणि मुदत चुकवली की पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च इन्कम टॅक्सला धरत नाहीत, पण ते सोडा. काका स्वतः ऑफिसला आले. दारात चप्पल काढून उभे राहिले आणि विचारलं, साहेब, काही चुकलंय का माझं, मटेरियल खराब गेलं का? ५८ दिवस झाले होते. मला त्यांच्याकडे बघवेना. त्याच दिवशी चेक दिला, पण एवढी वर्षं आमच्याकडून त्यांना पैसे मागायची वेळ आली नव्हती.

अजून एक, हे ऑडिटरने काढलंय. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती एंट्री कधी बदलली याचा एडिट लॉग ठेवावा लागतो आणि तो बंद करता येत नाही. तुमचा लॉग आहे, पण इंटिग्रेशनमधून आलेल्या प्रत्येक एंट्रीपुढे माणसाच्या नावाऐवजी 'सिस्टिम युजर' येतं. सेल्सने रेट बदलला की प्रोजेक्टने क्वांटिटी बदलली हे त्यावरून कळत नाही. ऑडिटर विचारतो कोणी केलं, आम्ही काय सांगायचं?

आता मूळ दुखणं. या सगळ्या चुका वेगवेगळ्या वाटतात पण माझ्या मते मूळ एकच आहे. तुमच्या लोकांनी डेमो मला आणि सेल्सच्या मुलांना दाखवला, डॅशबोर्ड दाखवला, पण आमच्या मॅडमशेजारी बसून महिना कसा बंद होतो, बिल कुठून सुरू होतं, जीएसटी रिटर्नचं ११ तारखेला काय आणि २० तारखेला काय, हे एक दिवस पण बघितलं नाही. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं होतं की हा १९ अक्षरांचा बिल नंबर कसा चालेल, जीएसटीत १६ च्या वर चालत नाही. तुमचा माणूस म्हणाला फॉरमॅट स्टँडर्ड आहे. पहिलंच ई-इन्व्हॉइस पोर्टलने परत पाठवलं. १४ वर्षं हे काम करणाऱ्या बाईचं तेव्हाच ऐकून घेतलं असतं तर एप्रिल आणि जून दोन्ही झालं नसतं, कारण बिलं मध्यरात्री का बनवायची आणि मेलने जायच्या आधी आपण बघायची नाहीत का, हे दोन्ही प्रश्न त्यांनी त्याच दिवशी विचारले होते. माझ्या वहीत लिहिलेले आहेत. मी पण तेव्हा जोर लावायला पाहिजे होता, ती चूक माझी.

आम्हाला काय पाहिजे ते स्पष्ट लिहितो. आजपासून कोणतंही बिल मॅडमनी बघून ओके केल्याशिवाय पोर्टलला किंवा कस्टमरला जाऊ नये, ही सेटिंग याच आठवड्यात करा, ती बाकी कशासाठी थांबवू नका. तारखेचा आणि डबल बिलाचा दोष ५ सप्टेंबरपर्यंत दुरुस्त करून आमच्यासमोर टेस्ट करून दाखवा, आणि टेस्ट रात्री बाराच्या बिलाची आणि मुद्दाम नेट बंद करून केलेल्या डिस्पॅचची पाहिजे, दिवसाउजेडी केलेली नको. निरोप कुठे अडकला तर अकाउंट्सला त्याच दिवशी मेल यावा. एडिट लॉगमध्ये माणसाचं नाव यावं. आणि आमचा सगळा डेटा, फाइल्स आणि लॉगसकट, आम्हाला उघडता येईल अशा फॉरमॅटमध्ये ३१ ऑगस्टपर्यंत द्या, तो आमचा आहे आणि त्यासाठी वेगळा चार्ज मागू नका, जसा मागच्या फोनवर मागितला होता.

५ सप्टेंबरपर्यंत हे झालं नाही तर इंटिग्रेशनचे ३ लाख ८० हजार आणि लायसन्सचे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत पाहिजेत. आम्ही १ ऑक्टोबरपासून टॅलीवर परत जाऊ, मॅडमनी त्याची तयारी सुरू पण केलीये. नाही दिलेत तर ग्राहक म्हणून किंवा कोर्टात, वकील सांगतील त्या मार्गाने जाऊ.

तरी मला अजून वाटतं की हे चालू शकतं. कमिशनिंग झालं की १० टक्क्यांचा रिमाइंडर त्याच दिवशी कस्टमरला जातो, ती एक गोष्ट तुमच्याकडे चांगली चालते आणि त्याने आमचे अडकलेले पैसे खरंच आलेत. म्हणून सांगतो, या वेळी माणूस पाठवा, फोनवर नको. गुरुवारी २१ तारखेला सकाळी दहापासून मॅडम आणि मी दोघं मोकळे आहोत, त्यांच्या टेबलाशेजारी खुर्ची ठेवतो. एप्रिलचे प्रिंटआउट आणि जूनची तिन्ही बिलं काढून ठेवलेली आहेत.

आपला,
संचालक
कंट्रोल पॅनेल उत्पादक कंपनी, अंबड एमआयडीसी, नाशिक

सोबत: ३७ तिकिटांची यादी, ११ एएमसी बिलं आणि त्यांच्या क्रेडिट नोट, २० जूनची तीन बिलं, डिस्पॅचच्या लॉगचे स्क्रीनशॉट