कावळ्याचं पिल्लू घरी नेऊ नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आखाजी झाली की आमच्या भुसावळ-यावल पट्ट्यात कावळ्यांची पिल्लं खाली पडायला लागतात, अन आता नवीन फॅड आलंय की पिल्लू दिसलं की उचलायचं, बुटाच्या खोक्यात घालून घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी रील टाकायची. पालघर जिल्ह्यातला तो 'काका, बाबा' बोलणारा कावळा 2025 मध्ये व्हायरल झाला तेव्हापासून तर पोरांना वाटतं आपलंही पिल्लू महिन्याभरात बोलेल. आमच्या गल्लीत एक काका म्हणे, "पितरपाट्यात कावया सापडत नाही रे भाऊ, मंग घरचाच असला तर काय वाईट?" हसावं की काय करावं कळेना!

मुळात ती बहुतेक पिल्लं अनाथ नसतातच. पंख फुटलेले, शेपूट आखूड, डोळे निळसर, तोंड आतून लालगुलाबी, असं पिल्लू खाली उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय, आईबाप वरच्या फांदीवर आहेत अन तिथूनच तुमच्या डोक्यावर टोचा मारतात, तरी लोक म्हणतात बिचाऱ्याला कोणी नाही. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर जवळच्या झुडपात नाहीतर खालच्या फांदीवर ठेवून द्या अन लांब व्हा, आईबाप येऊन भरवतात. हात लावला की आई टाकून देते हे साफ खोटं. पिसंच नसलेलं उघडं पिल्लू असेल तर घरट्यात परत ठेवता आलं तर बघा, जखमी असेल तर वनखात्याला 1926 वर फोन लावा, टोल फ्री आहे.

घरी नेल्यावर काय होतं तेही सांगतो. पहिलं म्हणजे चमच्यानं नाहीतर ड्रॉपरनं चोचीत पाणी सोडतात, ते श्वासनळीत जातं अन पिल्लू तिथंच मरतं. मग दूध-ब्रेड, जे पक्ष्याला पचत नाही. त्यातूनही वाचलं तर नुसत्या पोळी-भातावर हाडं कच्ची राहतात, पाय वाकडे होतात. अन समजा सगळं नीट झालं, तरी एकटं वाढलेलं पिल्लू माणसालाच आपलं मानायला लागतं, बाकीच्या कावळ्यांत मिसळायचं कसं, कुणाला भ्यायचं हे त्याला कोण शिकवणार? पुढं कॉलेजला पुण्याला जाताना सोडून देता, तेव्हा ते कुणाच्याही खांद्यावर जाऊन बसतं अन मार खातं.

हुशार आहे म्हणून पाळायचा म्हणता ना, पण हुशार आहे म्हणूनच पिंजऱ्यात त्याचे हाल होतात. सिएटलला वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीवाल्यांनी 2006 मध्ये मुखवटे घालून कावळे पकडले, तर पुढं कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कल्ला करायचे. इतकी आठवण ठेवणाऱ्याला चार फुटाच्या जाळीत दिवसभर करायला काय असतं? घरात मोकळा सोडला तर मटणाचे तुकडे गादीखाली लपवून ठेवणार, चावी-चमचे पळवणार, अन घाण वेगळीच.

लंडनच्या टॉवर नावाच्या जुन्या किल्ल्यात रेव्हन पाळतात ना, असं एकजण म्हणाला. (रेव्हन म्हणजे आपला डोमकावळा नाही बरं का, तो जास्त थोराड, राजस्थानात नि हिमालयात दिसतो, खान्देशात नाही.) पण तिथं कमीत कमी 6 रेव्हन ठेवायची जुनी प्रथा आहे, त्यांच्यासाठी पगारी रेव्हनमास्टर आहे, रोज कच्चं मांस अन रक्तात भिजवलेली बिस्किटं. आपल्याकडं भाजीवाल्याची उधारी राहते.

कायद्याचं बोलायचं तर कावळा उपद्रवी प्राण्यांत मोडतो, त्याला कोण विचारतं, ही समजूत जुनी झाली. 1972 च्या वन्यजीव कायद्यात उंदरांसोबत तो त्या यादीत होता खरा, पण 2022 च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली, 1 एप्रिल 2023 पासून लागू. तेव्हा पाळायच्या आधी वनखात्याला विचारा तरी.

पितरपाट्यात कावळा येत नाही ही तक्रार खरी आहे, पण गावातली वड-पिंपळ-निंबाची झाडं रस्त्यासाठी तोडली तर तो घरटं बांधेल कुठं? आता मोबाइल टॉवरवर तारा गोळा करून बांधतो बिचारा.

एक विनंती, दरवर्षी आखाजी ते पावसाळा सुरू होईपर्यंत तुमच्या जळगाव-धुळे पानावर रोज एका कोपऱ्यात 1926 नंबर अन "पिल्लू उचलू नका" एवढं छापा, जागा फार लागणार नाही.

आपला,
एक वाचक, भुसावळ