वर्गमुळाला दशांशाची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या मुलांच्या बीजगणिताच्या सराव उत्तरपत्रिका मी दरवर्षी तपासतो. त्यांत एक चूक इतक्या वेळा दिसते, की तिच्याविषयी लिहावेसे वाटले. आयताची लांबी रुंदीच्या दुप्पट व कर्ण १० मीटर असल्यास बाजू काढा, असे साधे उदाहरण होते. रुंदी क्ष मानून लांबीच्या जागी २क्ष घातले, की पायथागोरसच्या प्रमेयाने क्ष² + ४क्ष² = १००, म्हणजे ५क्ष² = १००, म्हणजे क्ष² = २० मिळते. इथवर बहुतेक मुले बिनचूक येतात. पुढे मात्र √२० दिसताच थेट ४.४७ लिहून मोकळी होतात. ताळा करायला गेल्यास ४.४७ आणि ८.९४ यांच्या वर्गांची बेरीज ९९.९०४५ येते, १०० नव्हे. मग मूल उत्तर न सुधारता ताळाच खोडून टाकते. २० म्हणजे ४ × ५ एवढे पाहिले असते तर रुंदी २√५, लांबी ४√५ आणि वर्ग २० व ८०, असा हिशेब चोख जुळला असता. सुताराला फळी कापायची असेल तर ४.४७ मीटरच सांगावे लागेल, हे मान्य. पण ते सगळ्यात शेवटी.

दुसरी चूक याहून जुनी आहे : √५० + √१८ = √६८. वास्तविक √५० सातांहून थोडे अधिक आणि √१८ चारांहून थोडे अधिक, म्हणजे बेरीज अकरांच्या पुढे जायला हवी, आणि √६८ तर नऊपर्यंतही पोचत नाही. सरळ रूप दिल्यास ५√२ + ३√२ = ८√२ हे उत्तर दोन ओळींत मिळते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणिता’त करणींच्या (म्हणजे पूर्ण न सुटणाऱ्या वर्गमुळांच्या) बेरजेचा नियमच दिला आहे : दोन्ही संख्यांच्या बेरजेत त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट मिळवावी आणि मग वर्गमूळ घ्यावे. येथे गुणाकार ९००, त्याचे मूळ ३०, दुप्पट ६०. ६८ मध्ये ६० मिळवले की १२८, आणि √१२८ म्हणजेच ८√२. मुले विसरतात ते नेमके हे ६०.

दोष केवळ मुलांचा नाही. ४.४७ वर बरोबरची खूण आम्ही शिक्षकच करतो, मीही केली आहे. शाळांनी निदान घटक चाचण्यांत ताळ्यासाठी एक गुण राखून ठेवावा, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा